कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यामागचा मालकही शिकवा : अमेरिकी शेअर शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकी शेअर बाजार मराठीतून शिकवणारे सर्व शिक्षक, क्लासचालक आणि अभ्यासगटांचे संयोजक

स. न. वि. वि.

मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते. ज्यांच्याकडे परदेशी शेअर आहेत त्यांची विवरणपत्रं भरणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. अशा फायली दरवर्षी वाढताहेत, आणि त्यातले बरेच लोक तुमच्यापैकी कुणाचे ना कुणाचे विद्यार्थी असतात. त्यांच्या स्टेटमेंटमध्ये वर तंत्रज्ञान कंपन्यांची नावं असतात आणि खाली ‘सेफ’ म्हणून घेतलेली दोन-तीन ओळखीची नावं. कोका-कोला असतं, कोलगेट असतं, आणि केलॉग असायचं. हे का घेतलंत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : “सरांनी सांगितलं, मंदी आली तरी लोक नाश्ता सोडत नाहीत.”

त्या केलॉगबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तो शेअर आज बाजारात नाही, तरी त्याचं कौतुक करणाऱ्या स्लाइड अजून फिरताहेत.

एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले होते. सोबत नीट लावलेली फाइल. ब्रोकरकडून ईमेल आला, की तुमचे केलानोव्हाचे शेअर रद्द होऊन खात्यात रोख जमा झाली आहे. खातं हॅक झालं असं वाटून ते घाबरले होते. ‘आपण केलानोव्हा नावाची कंपनी कधी घेतलीच नव्हती, आपण केलॉग घेतली होती’, हे ते परत परत सांगत होते. फाइलमध्ये क्लासच्या स्लाइडची छापील प्रत होती. तिच्यावर तो ओळखीचा कोंबडा, स्थापना १९०६, १९२५पासून सातत्याने लाभांश, जगभर पसरलेला ब्रँड. त्यातली एकही ओळ चुकीची नव्हती. पण ऑक्टोबर २०२३मध्ये या कंपनीचे दोन तुकडे झाले, हे तिच्यावर कुठेच नव्हतं.

म्हणून आधी ती हकीकत सांगते. तुमच्या वर्गात ती पूर्ण सांगितली जावी, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीकमध्ये डॉ. जॉन हार्वी केलॉग एक मोठं आरोग्यधाम चालवत. धान्य शिजवून, लाटून, भाजून त्याचे पापुद्रे करण्याचे प्रयोग तिथले. त्यांचा धाकटा भाऊ विल कीथ केलॉग याने त्यातला धंदा ओळखला आणि १९०६ साली स्वतःची कंपनी काढली. त्याच्याही आधी, त्याच आरोग्यधामात उपचार घेऊन गेलेल्या सी. डब्ल्यू. पोस्टने गावात आपली कंपनी उभी केली होती. म्हणजे हा उद्योग जन्मापासूनच चुरशीचा. १९३०च्या महामंदीत विल केलॉगने जाहिरातीचा खर्च कमी करायच्या ऐवजी वाढवला, कारखान्यात आठऐवजी सहा तासांच्या पाळ्या लावून जास्त माणसांना काम दिलं, आणि त्याच साली आपल्या नावाचं प्रतिष्ठान स्थापन केलं. पुढे कंपनीच्या शेअरांचा मोठा गठ्ठा या प्रतिष्ठानासाठीच्या ट्रस्टकडे गेला. हा ट्रस्ट लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

‘मंदीतही नाश्ता चालतो’ हे तुमचं वाक्य त्या काळातून आलेलं आहे आणि त्या काळापुरतं ते खरंही होतं. पण १९९६मध्ये पोस्टने आपल्या सिरीयलचे, म्हणजे कॉर्नफ्लेक्ससारख्या तयार नाश्त्याचे, भाव एका झटक्यात २० टक्क्यांनी उतरवले आणि दोनच महिन्यांत केलॉगलाही आपल्या बऱ्याच ब्रँडचे भाव जवळपास तेवढेच उतरवावे लागले. नव्वद वर्षांचा ब्रँड स्वतःच्या मालाचा भाव स्वतः धरून ठेवू शकला नाही. दुकानांचे स्वतःचे स्वस्त ब्रँड शेजारच्या फळीवर येऊन बसले होते. आणि अमेरिकेत सकाळी वाडगा-चमचा घेऊन बसणारं कुटुंबही विरळ होत चाललं होतं. माणसं गाडीत बसता बसता एखादा बार खात होती, दही खात होती, किंवा काहीच खात नव्हती.

केलॉगच्या संचालकांना हे दिसत होतं. ते सिरीयलमधून पैसा काढून दुसरीकडे लावत राहिले. २००१मध्ये कीबलर ही बिस्किटांची कंपनी घेतली. २०१२मध्ये प्रॉक्टर अँड गँबलकडून सुमारे २.७ अब्ज डॉलरला प्रिंगल्स घेतलं. २०१५मध्ये टोलाराम समूहाबरोबर नायजेरियात पाय रोवले. तिथे नूडल्सचा धंदा वाढत होता. नाव कॉर्नफ्लेक्सचं राहिलं आणि नफ्याची वाढ चिप्स, क्रॅकर आणि नूडल्सकडून येऊ लागली. २०२२मध्ये कंपनीने वेगळं होण्याची घोषणा केली तेव्हाचे आकडे बोलके आहेत : आधीच्या वर्षीची स्नॅक्स आणि बाकी जगाच्या धंद्याची विक्री ११.४ अब्ज डॉलर, उत्तर अमेरिकेतल्या सिरीयलची २.४ अब्ज. ज्या मालासाठी तुमचे विद्यार्थी हा शेअर घेत होते, त्याचा उत्तर अमेरिकेतला धंदा विक्रीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढाच होता.

२ ऑक्टोबर २०२३ रोजी वाटणी झाली. मोठ्या कंपनीने केलानोव्हा असं नवं नाव घेतलं. तिच्याकडे प्रिंगल्स, चीझ-इट, पॉप-टार्ट्स आणि उत्तर अमेरिकेबाहेरचं सगळं सिरीयल गेलं. भारतातला केलॉग्जचा धंदाही त्यात आला. अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधलं सिरीयल डब्ल्यू. के. केलॉग या नव्या छोट्या कंपनीत गेलं. जुन्या चार शेअरांमागे तिचा एक शेअर मिळाला.

या छोट्या कंपनीवर तुमच्या वर्गात निदान एक अख्खं सत्र व्हायला हवं. नुसत्या सिरीयलच्या धंद्याचा ताळेबंद एवढा उघडा क्वचितच बघायला मिळतो. मोठ्या कंपनीच्या पोटात असताना त्याचे कच्चे दुवे चिप्सच्या नफ्याखाली झाकले जात होते. वेगळं झाल्यावर दिसलं, की विक्री वर्षाला २.७ अब्ज डॉलरच्या आसपास अडकलेली आहे. भाव वाढवून डॉलरमधली विक्री कशीबशी टिकवायची, आणि खाली टनांमध्ये माल घटत जायचा. असल्या धंद्यात हे फार महागात पडतं. धान्य शिजवण्याच्या, लाटण्याच्या, भाजण्याच्या मोठमोठ्या यंत्रांचा खर्च माल निघो न निघो चालूच असतो. टन घटले की प्रत्येक खोक्यामागचा खर्च चढतो. त्यात कारखाने जुने. २०२१मध्ये बॅटल क्रीक, ओमाहा, लँकेस्टर आणि मेंफिस या चार ठिकाणच्या सुमारे १,४०० कामगारांनी अडीच महिने संप केला. जुन्या आणि नव्या कामगारांना वेगवेगळं वेतन, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

वाटणीनंतर व्यवस्थापनाने सरळ सांगितलं, की व्याज-कर-घसाऱ्याआधीचा नफा विक्रीच्या ९ टक्क्यांवरून २०२६अखेर १४ टक्क्यांवर न्यायचा आहे. त्यासाठी कारखान्यांवर ५० कोटी डॉलरपर्यंत खर्च होणार होता. ऑगस्ट २०२४मध्ये ओमाहाचा कारखाना टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. म्हणजे गुंतवणूकदारापुढची गोष्ट वाढीची नव्हतीच. घटत्या धंद्यातून जास्त नफा पिळून काढण्याची होती, आणि मूल्यमापन त्याच हिशेबाने करायला हवं होतं. त्याच वर्षी मुख्य अधिकारी गॅरी पिलनिक यांनी दूरचित्रवाणीवर, महागाईत कुटुंबांनी रात्रीच्या जेवणालाही सिरीयल खावं असं सुचवलं आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. लोक त्या वाक्यातल्या असंवेदनशीलतेवर बोलले, ते योग्यच होतं. गुंतवणुकीच्या विद्यार्थ्याने त्यातून आणखी एक गोष्ट टिपायला हवी होती : सकाळचा ग्राहक वाढत नाही, हे कंपनीने मान्य केलेलं आहे.

पुढे कृत्रिम रंगांचा वाद आला. कॅनडात विकल्या जाणाऱ्या फ्रूट लूप्सचा रंग गाजर, कलिंगड, ब्लूबेरी यांच्यापासून येतो आणि अमेरिकेतल्या खोक्यात कृत्रिम रंग असतो, यावरून ऑक्टोबर २०२४मध्ये बॅटल क्रीकच्या मुख्यालयासमोर निदर्शनं झाली. २०२५च्या पहिल्या तिमाहीत विक्री आणखी ६ टक्क्यांनी घसरली.

आणि तरीही, ज्यांनी हा नकोसा तुकडा सांभाळला, त्यांचं भलं झालं. वाटणीनंतर थोड्याच आठवड्यांत तो १० डॉलरच्या आसपास घरंगळला होता, कारण मोठ्या कंपनीसोबत फुकट आलेला छोटा शेअर बहुतेकांनी विकून टाकला. जुलै २०२५मध्ये नुटेला आणि किंडर बनवणाऱ्या इटलीच्या फेरेरोने त्यासाठी २३ डॉलर देऊ केले. कर्जासकट व्यवहार ३.१ अब्ज डॉलरचा; सप्टेंबरअखेर तो पुरा झाला. मोठी कंपनी मार्सने घेतली : शेअरमागे ८३.५० डॉलर, कर्जासकट ३५.९ अब्ज. ही घोषणा ऑगस्ट २०२४मधली. नियामकांच्या मंजुऱ्या घेत व्यवहार डिसेंबर २०२५मध्ये संपला.

हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. सिरीयलच्या एक डॉलर विक्रीसाठी फेरेरोने सव्वा डॉलरहूनही कमी दिले. स्नॅक्सच्या एक डॉलर विक्रीसाठी मार्सने पावणेतीन डॉलरच्या वर दिले. घराणं एक, कोंबडा एक, आणि किंमत दुपटीहून जास्त वेगळी. ‘ब्रँड मजबूत आहे’ असं म्हणून विषय संपवणाऱ्या शिक्षकाला हा फरक समजावून सांगता येणार नाही.

आता पैशाचं बोलू, कारण माझ्या टेबलावर लोक त्यासाठीच येतात. २०१६च्या उन्हाळ्यात केलॉगचा भाव ८० डॉलरच्या वर होता. आपण ८० धरू, १०० शेअर घेतले असं मानू : ८,००० डॉलर गेले. वाटणीत त्याचे १०० केलानोव्हा आणि २५ डब्ल्यू. के. केलॉग झाले. मार्सकडून ८,३५० डॉलर आले, फेरेरोकडून ५७५. एकूण ८,९२५. नऊ वर्षांहून जास्त काळात ९२५ डॉलरची वाढ. शेअरमागे वर्षाला दोन-सव्वादोन डॉलर लाभांश मिळाला, तो मिळवला तरी सरळव्याजाने वर्षाला ४ टक्क्यांच्या आसपासच बसतं. आणि तेही शेवटी मार्स धावून आलं म्हणून. मार्सच्या घोषणेच्या वर्षभर आधी हा भाव ६० डॉलरच्या आसपास होता.

तुम्ही म्हणाल, रुपयांत बघा. बघू. त्या वेळी डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, व्यवहार संपताना ९०च्या घरात. ५ लाख ३६ हजारांचे साधारण ८ लाख झाले. यात शेअरची स्वतःची करामत साडेअकरा टक्क्यांची, बाकीचं सगळं रुपया घसरल्याचं. आणि आपल्याकडे निवासी करदात्याचा नफा रुपयांत मोजतात, म्हणून रुपया घसरल्याने झालेल्या ‘नफ्यावर’ही १२.५ टक्के दीर्घकालीन कर लागतो. लाभांशातले २५ टक्के अमेरिकेतच कापले जातात. त्याची वजावट इथे हवी तर फॉर्म ६७ वेळेत भरावा लागतो, आणि हा फॉर्म न भरलेले किती लोक आमच्याकडे येतात! त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. कंपनी रोखीत विकत घेतली गेली, की विकायचं की नाही हा प्रश्नच तुमच्याकडे राहत नाही. ‘आयुष्यभर ठेवायचा शेअर’ असं शिकवलेला शेअर एका तारखेला आपोआप विकला जातो आणि कराचं वर्ष तुम्हाला निवडता येत नाही. केलानोव्हाच्या व्यवहारात केलॉग प्रतिष्ठानाचा ट्रस्ट आणि गंड कुटुंब या दोन मोठ्या भागधारकांनी मिळून २०.७ टक्के मतं बाजूने देण्याचं आधीच कबूल केलं होतं. शंभर शेअर असलेल्या माणसाचं मत तिथे कितीसं चालणार? मोठा भागधारक कोण, त्याला कधी पैशांची गरज पडते, त्याची भूमिका काय, हे कंपनीच्या माहितीपत्रात लिहिलेलं असतं. लाभांशाचा तक्ता दाखवता तेव्हा ते पानही दाखवा.

विवरणपत्रातल्या शेड्यूल एफए या तक्त्याबद्दल तर मी हात जोडून सांगते. त्यात परदेशी मालमत्ता कॅलेंडर वर्षाप्रमाणे द्यावी लागते. डिसेंबर २०२५मध्ये शेअर गेले, हातात काही नाही, म्हणून काही दाखवायचं नाही, असं आमच्या शिक्षक महाशयांना वाटलं होतं. पण वर्षात एक दिवस जरी मालमत्ता होती, तरी ती दाखवावी लागते. काळ्या पैशाच्या कायद्यात यासाठी १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४पासून २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट मिळाली हे खरं, पण तेवढ्यावर कुणी निर्धास्त राहू नये. माहिती देण्याची जबाबदारी संपलेली नाही. वाटणीत मिळालेल्या शेअरची मूळ किंमत कशी धरायची हा तर आणखी गुंत्याचा विषय. विदेशी कंपनीच्या विभाजनाला आपल्या कायद्यातली ‘डीमर्जर’ची व्याख्या सरळ लागू होत नाही, तेव्हा विद्यार्थ्याला तिथे जाणत्या सीएकडे पाठवा. क्लासच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याचं उत्तर देऊ नका.

महाराष्ट्रापुरती आणखी एक गोष्ट. केलॉग १९९४मध्ये भारतात आली ती तळोज्याच्या कारखान्यातून. गरम दुधात कॉर्नफ्लेक्स लगेच मऊ पडतात आणि आपल्याकडे सकाळी गरमच खायची सवय, हे कंपनीला इथे आल्यावर कळलं. मग चोकोजसारखा माल आणून मुलांच्या वाटेने ती घरात शिरली. तळोज्याचा हा धंदा आता मार्सचा. मार्सचा स्वतःचा चॉकलेटचा कारखाना पुणे जिल्ह्यात खेडला आहे. फेरेरोचा बारामतीला आहे. तिन्ही ठिकाणी आपली माणसं काम करतात, तिथला माल आपली मुलं खातात, आणि यांपैकी एकाही धंद्याचा शेअर तुम्हाआम्हाला घेता येत नाही. मार्स आणि फेरेरो दोन्ही खाजगी, घराण्यांच्या मालकीच्या. ‘घरात जो माल वापरता त्या कंपनीचा शेअर घ्या’ हा सल्ला तुम्ही देता, तेव्हा त्या मालाचा मालक कोण आणि तो बाजारात आहे का, हा पहिला प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून यायला हवा.

अमेरिकेत अजून नोंदलेल्या कंपन्यांपैकी सिरीयलशी जवळचं नातं असलेल्या दोन मोठ्या उरल्या : जनरल मिल्स आणि पोस्ट होल्डिंग्ज. मला त्यांची शिफारस करायची नाही आणि तो माझा अधिकारही नाही. पण दोघींना एकाच स्लाइडवर ‘सिरीयल’ या शीर्षकाखाली टाकू नका, एवढं मात्र म्हणेन. जनरल मिल्सने २०१८मध्ये ८ अब्ज डॉलर देऊन कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचा ब्लू बफेलो हा धंदा घेतला, उत्तर अमेरिकेतलं दही विकून टाकलं. ती लाभांश देणारी मोठी, संथ कंपनी आहे. पोस्ट नियमित लाभांश देत नाही, कर्ज काढून कंपन्या घेते, काही वेगळ्या काढते आणि स्वतःचे शेअर परत विकत घेते. तिच्यात पैसा घालणारा माणूस खरं तर तिथल्या व्यवस्थापकांच्या भांडवल वापरण्याच्या हुशारीवर पैसा लावतो. निवृत्तीच्या पैशाला यातलं काय झेपेल, हे शिकवणं तुमचं काम आहे.

तुमच्यावर बंधनं आली आहेत हे मी जाणते. सेबीने जानेवारी २०२५च्या परिपत्रकात शिक्षणाच्या नावाखाली गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरण्यावर मर्यादा घातली. केलॉगची गोष्ट त्या मर्यादेत अगदी बसते. ती संपलेली आहे, तिचे सगळे कागद उघडे आहेत, आणि तिच्यात कुणाला काही विकायचं उरलेलं नाही. डब्ल्यू. के. केलॉगने वाटणीआधी अमेरिकेच्या एसईसीकडे, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाकडे, भरलेला फॉर्म १० (नव्या कंपनीचं माहितीपत्र) एडगर या एसईसीच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतो. धोक्यांची पानं, ग्राहकांची पानं, कारखान्यांची माहिती, मोठ्या भागधारकांची यादी, सगळं त्यात आहे. इंग्रजी किचकट आहे, आणि म्हणूनच मराठीतून शिकवणाऱ्यांची गरज आहे. वर्गात बसणारा निवृत्त माणूस ती शेकडो पानं एकट्याने वाचू शकत नाही. तुम्ही सोबत असलात तर त्यातली पंचवीस-तीस नक्की वाचू शकतो.

पुढच्या तुकडीत यासाठी एक रविवार राखून ठेवा. जुनी स्लाइड काढून टाका आणि ज्या विद्यार्थ्यांना ती पाठवली होती त्यांना दोन्ही व्यवहारांच्या तारखा, मिळालेली रक्कम आणि शेड्यूल एफएची सूचना लिहून कळवा. विवरणपत्रं भरण्याची मुदत संपायच्या आत कळवा. कराचा भाग शिकवायला कुणी हवं असेल तर मी येईन. मानधन नको.

कळावे,
आपली,
परदेशी शेअरांच्या फायली सांभाळणारी एक कर्मचारी
ठाणे